जमिनीवर वीज नाही: १९८९ च्या क्लब कारला पेट्रोल इंजिन बसवण्याच्या नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

क्लब कार कंपनीची विजेवर चालणारी जुनी गोल्फ कार्ट घरी आली. दोनशे डॉलरला घेतली, ट्रेलरचं भाडं वेगळं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या आमच्या पीचट्री सिटीत गोल्फ कार्ट म्हणजे घरचं दुसरं वाहन. गावभर झाडीतून सुमारे शंभर मैलांच्या वाटा आहेत, लोक कार्टनेच किराणा आणतात, मुलं शाळेत जातात. त्यामुळे जुन्या गाड्या विकायला निघत असतात. ही मात्र गावात फिरवायला घेतलेली नाही. मागच्या वर्षी मेरिवेदर काउंटीत पाच एकर जमीन घेतली. तिथे पाणी आहे, चढउतार आहे, पण वीज नाही आणि इतक्यात येणारही नाही. लाकडं, पाण्याचे कॅन, खोरी-फावडी वाहायला काहीतरी हवंच होतं.

आण्णा फेब्रुवारीतच कोल्हापूरहून आले आहेत, ऑगस्टपर्यंत राहतील. उद्यमनगरात चाळीस वर्षं ऑइल इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वीज न्हाई तितं इंजनच लागतंय." आमच्याकडे शेतीची वीज रात्री-अपरात्री यायची, त्या काळात विहिरीवरच्या इंजिनांनी किती मळे वाचवले ते त्यांनी पाहिलंय.

एक खुलासा. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. आपल्याकडे गॅस म्हटलं की सिलिंडर डोळ्यांपुढे येतो, म्हणून या वहीत मी पेट्रोलच लिहिणार.

९ मार्च

प्रवाशाच्या बाजूला, पायाशी अनुक्रमांकाची पट्टी सापडली. सुरुवात ए ८९२७. ए म्हणजे विजेवरची डीएस (हे क्लब कारचं एक मॉडेल), ८९ हे साल, २७ हा त्या सालातला आठवडा. म्हणजे १९८९ च्या जुलैच्या सुमारास ही ऑगस्टा इथल्या कारखान्यात बनली. ऑगस्टाही जॉर्जियातलंच, आमच्यापासून गाडीने तीनेक तासांवर.

आतली रचना अशी: ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, मिळून ३६ व्होल्ट. पेडलला जोडलेली एक दांडी तांब्याच्या टोकांवरून सरकते आणि प्रवाह रेझिस्टरच्या जाड गुंडाळ्यांतून कमीजास्त होतो. हळू चालवलं की उरलेली वीज नुसती उष्णता होऊन जाते. मोटार सिरीज वाइंडिंगची (फिरणारी आणि स्थिर, म्हणजे फील्डची, गुंडाळी एकामागोमाग जोडलेली), थेट मागच्या ॲक्सलमध्ये खोचलेली. क्लच नाही, गियर बदलणं नाही. पुढे-मागेचा खटका फील्डमधल्या प्रवाहाची दिशा उलटवतो, बस्स. साधं आणि सुंदर काम आहे. याला हात लावताना मला वाईट वाटणार आहे हे आजच लिहून ठेवते.

१५ मार्च

बॅटऱ्या काढल्या. एकेक अठ्ठावीस किलोची, म्हणजे सहांचे जवळजवळ १७० किलो. दोन तर फुगून ट्रेला चिकटल्या होत्या. दोघांनी गॉगल आणि रबरी हातमोजे घातले, सांडलेल्या ॲसिडवर खायचा सोडा पाण्यात कालवून ओतला आणि फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहिलो. चार पुडे संपले.

या गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, त्यामुळे पस्तीस वर्षांत गंज शून्य. पण ॲसिडने बॅटऱ्यांखालचा भाग चांगलाच खाल्लाय. पांढरी भुकटी खरवडली तर खाली सुपारीएवढे खड्डे. आण्णांनी हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून आवाज ऐकला. मुख्य दोन पट्ट्या खणखणीत वाजल्या, आडव्या दोन बद्द. आडव्या बदलाव्या लागतील.

जुन्या बॅटऱ्या दुकानात परत दिल्या. शिशाचे पैसे मिळाले.

१६ मार्च

आज दिवसभर ठरवाठरवी. लिथियम बॅटरी टाकावी का, याचा मी खरंच विचार केला होता. गावात फिरवायची असती तर तेच केलं असतं आणि कुणी विचारलं तर आजही तेच सांगेन. पण चार्ज करायला गाडी दर वेळी ट्रेलरवर घालून घरी आणायची, किंवा तिथे जनरेटर चालवून बॅटरी भरायची. पेट्रोलच जाळायचं तर थेट गाडीत जाळू.

माझी पहिली कल्पना अशी होती की बाजारात मिळतं तसं तयार छोटं इंजिन आणून पट्ट्याने आहे त्याच ॲक्सलला जोडायचं. आण्णांनी ॲक्सलमध्ये टॉर्चचा उजेड टाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्येला मागं जायाचा गियर कुठाय?"

नव्हताच. मोटार स्वतःच उलटी फिरते, मग ॲक्सलमध्ये रिव्हर्स गियर कशाला ठेवतील? इंजिन मात्र एकाच दिशेला फिरतं. हे ध्यानात न घेता लोक इंजिन बसवतात आणि मग रिव्हर्ससाठी मध्ये वेगळा गियरबॉक्स घुसवत बसतात. त्यापेक्षा पेट्रोलवरच्या जुन्या डीएसचं इंजिन, दोन्ही पुली आणि रिव्हर्सवाला ॲक्सल असा अख्खा संच उचलायचा ठरला.

३० मार्च, गुढीपाडवा

काल तशी गाडी मिळाली. १९९३ ची, झाड पडून छत आणि पुढचा भाग चेचलेला, मागचा भाग धड. साडेतीनशे डॉलर. आत कावासाकीचं एफई २९० इंजिन, २८६ सीसी, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं.

पाइनच्या परागांचे दिवस आहेत. दोन्ही गाड्या, अंगण, पायऱ्या, सगळं भंडारा उधळल्यासारखं पिवळं झालंय. गुढी उभारली. आण्णांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. हत्यारांना आज हात लावला नाही.

५ एप्रिल

फक्त बोल्ट. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिला की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया होते आणि बोल्ट जागीच धरतो. मी लांब पाइप लावून जोर काढला आणि एक मुंडी तोडली. आण्णा म्हणाले, "जोर लावू नगंस. ऊब दे आदी." हीट गनने भोवतालचं ॲल्युमिनियम तापवायचं, ते लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, मग गंज सोडवायचं तेल, मग पाना आधी आवळायच्या दिशेला किंचित आणि नंतर सोडायच्या. दिवसभरात एकवीस बोल्ट निघाले. मुंडी तुटलेला ड्रिल करून काढला.

१२ एप्रिल

जुनी मोटार काढली. तपासल्याशिवाय तिला भंगारात टाकायला मन होईना. सिरीज मोटार भाराशिवाय पूर्ण व्होल्टेजवर फिरवायची नसते, वेग वाढत जाऊन ती स्वतःलाच फोडू शकते. म्हणून शिकंज्यात घट्ट धरली आणि १२ व्होल्टवर दोन-तीन सेकंदच फिरवली. आवाज स्वच्छ. ब्रश अर्ध्याहून जास्त शिल्लक.

मोटार, ॲक्सल, रेझिस्टर, पुढे-मागेचा खटका असं सगळं एका गृहस्थांनी नेलं. ते याच काळातली ३६ व्होल्टची गाडी मूळ रूपात दुरुस्त करताहेत. पैसे अर्धेच मागितले. मूळ भाग मूळ गाडीत जाताहेत याचं समाधान मोठं आहे.

१९ आणि २० एप्रिल

या कामातला सगळ्यात अवघड भाग. पेट्रोलच्या डीएसमध्ये इंजिन सांगाड्याला पक्कं आवळलेलं नसतं. इंजिन आणि ॲक्सल एकाच तळपट्टीवर जोडलेले असतात, मागे ते पाट्यांवर झुलतात आणि पुढे रबरी टेकूच्या आधाराने सांगाड्याला अडकतात. इंजिन आणि ॲक्सल एकत्रच वरखाली होतात, म्हणून पट्ट्याचं अंतर खड्ड्यातही बदलत नाही. फार विचाराने केलेली रचना आहे. आमच्या विजेवरच्या सांगाड्यात त्या पुढच्या टेकूसाठी आडवी पट्टीच नाही. तिथे बॅटऱ्यांचा ट्रे होता.

शनिवारी दोन्ही सांगाडे शेजारी ठेवून फक्त मापं घेतली. दोरी, ओळंबा, खडू. आण्णांना टेपपेक्षा दोरीच्या गाठीवर जास्त भरवसा. दोन्ही पद्धतींनी मोजलं, फरक दोन मिलिमीटरच्या आत आला.

रविवारी वाद. आण्णांचं म्हणणं, वेल्डिंग करून मोकळे होऊ. मी नको म्हटलं. उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेलं ॲल्युमिनियम वेल्डिंगने पुन्हा तापलं की जोडाशेजारी मऊ पडतं, ताकद बरीच घटते. जिथे इंजिनाचे हादरे बसणार नेमकं तिथेच ते नको. बिडाचं वेल्डिंग करण्यात आण्णांचं आयुष्य गेलंय, त्यांना ते लगेच पटलं नाही. ॲल्युमिनियमच्या दोन टाकाऊ पट्ट्या वेल्ड करून शिकंज्यात वाकवून दाखवल्या. वेल्ड टिकला, वाकली त्याच्या शेजारची पट्टी. त्यांनी ती पट्टी बराच वेळ हातात फिरवली आणि मग स्वतःच भोकांच्या खुणा करायला बसले.

जाड ॲल्युमिनियम अँगलच्या दोन नव्या आडव्या पट्ट्या, प्रत्येकीला आठ बोल्ट, सगळ्या बोल्टांना न चिकटण्याचं वंगण आणि नायलॉनचे वायसर. रात्री साडेनऊला टेकू बसला. अँगलच्या एका टोकाची धार घासायची राहिली, उद्या बघू म्हणून हत्यारं आवरली.

३ मे

इंजिन. आण्णांनी प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि पुली हाताने फिरवायला सांगितली. अंगठा उडाला. "बरं हाय," म्हणाले. माझा दाब मोजायचा मीटर कपाटातच राहिला.

कार्ब्युरेटर मात्र वाईट. टाकीत पेट्रोल तसंच सोडून गाडी कित्येक वर्षं उभी होती. इथल्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. फ्लोटच्या वाटीत हिरवट थर आणि काकवीसारखा डिंक. छोटा जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, पूर्ण बंद. आण्णांनी जुन्या वायरमधली तांब्याची एक तार उपसली आणि तिनेच भोक मोकळं केलं. स्टीलची सुई घालायची नाही, जेटचं भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं. भारतात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, आण्णांची जुनी दुचाकी त्यावरच चालते. तिकडे गेल्यावर तिचाही कार्ब्युरेटर उघडणार म्हणाले.

टॅपेट लावले (म्हणजे झडपांची फट नीट केली), ऑइल आणि फिल्टर बदलले, पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या. पेट्रोलचा पंप छोटा, पडद्याचा. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, त्याला वीज लागत नाही. त्याचा पडदा कडक झाला होता, तोही बदलला.

१० मे

ब्रेक. फक्त मागच्या चाकांना, ड्रमचे, केबलवर चालणारे. लायनर आणि केबल नवीन. जुन्या लायनरची धूळ हवेने उडवली नाही, ओली करूनच पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

१७ मे

वायरिंग. आता गाडीत १२ व्होल्टची एकच बॅटरी. या गाड्यांना थांबल्यावर फटफटत राहणारं आयडलिंग नसतं. पेडल सोडलं की इंजिन बंद, दाबलं की आधी पेडलजवळचा छोटा स्विच सोलेनॉइड (स्टार्टरला वीज सोडणारा खटका) ओढतो, स्टार्टर इंजिन फिरवतो, मग थ्रॉटल उघडतो. स्टार्टर आणि जनरेटर एकच यंत्र आहे, सुरू करताना वीज खातं आणि सुरू झाल्यावर बॅटरी भरतं. आण्णा त्यावर फार खूश.

दिवे १२ व्होल्टवर घेतले. रिव्हर्सचा बझर जुना ३६ व्होल्टचा होता, नवा बसवला. दिव्यांची एक बाजू सांगाड्याला जोडली, म्हणजे तेवढ्या वायरी वाचल्या.

१८ मे

इंजिन फिरतंय, पेटत नाही. प्लग काढून हेडला टेकवला, संध्याकाळच्या अंधारात पाहिलं. ठिणगी नाही.

२४ मे

आठवडा गेला. प्लग बदलला. इग्निशन कॉइल मागवली, तीन दिवसांनी आली, बसवली. तरी नाही.

आज सकाळी चहा घेताना सुचलं. पेडल सोडल्यावर इंजिन बंद होतं ते कसं? कॉइलपासून एक वायर निघते, ती निगेटिव्हला टेकली की ठिणगी मरते. ती वायर कॉइलपाशीच सोडली आणि स्टार्टर मारला. पहिल्या झटक्यात ठिणगी.

म्हणजे ती वायर वाटेत कुठेतरी सांगाड्याला लागत होती. शोधत गेलो. एप्रिलमध्ये घासायची राहिलेली अँगलची ती धार. तिने वायरचं आवरण कापलं होतं, केसाएवढं.

खरी गोष्ट पुढची आहे. विजेवरच्या मूळ गाडीत सांगाड्यातून प्रवाह जातच नव्हता. बॅटरीची दोन्ही टोकं वायरींमधूनच फिरत होती, त्यामुळे एखादी वायर सांगाड्याला घासली तरी लगेच काही बिघडत नसे. गेल्या शनिवारी दिव्यांच्या वायरी वाचवायला मी सांगाडा निगेटिव्ह केला आणि त्या क्षणापासून प्रत्येक कडा, प्रत्येक बोल्ट विद्युतमंडळाचा भाग झाला. इंजिन, ॲक्सल, ब्रेक यांचा विचार केला होता, याचा केला नव्हता. मग संपूर्ण गाडीभर वायरी उचलून पाहिल्या, प्रत्येक कडा घासली, प्रत्येक भोकात रबरी गोट बसवला आणि वायरी नालीदार नळीत घातल्या. रात्रीचे अकरा वाजले. एवढं करायलाच हवं होतं.

२५ मे

सकाळी ९.१० ला इंजिन सुरू झालं. चौथ्या झटक्याला. आण्णांनी डोळे मिटून ऐकलं आणि मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा सोडला.

७ जून

१७० किलो शिसं गेलं, त्याच्या जागी आलेल्या सगळ्या संचाचं वजन त्याच्या निम्म्याच्याही खाली. गाडीचा मागचा भाग टोळासारखा वर उचलला गेलाय. जुन्या गाडीचे मागचे पाटे त्या शिशासाठी होते, रिकाम्या गाडीत ते हलतही नाहीत, प्रत्येक खडा पाठीत बसतो. दुसऱ्या गाडीचे पाटे लावून पाहिले. बसणं मऊ झालं, पण मागच्या सामानाच्या हौद्यात चार कॅन पाणी ठेवल्यावर मागचा भाग टेकायला आला. ही गाडी ओझ्यासाठी आहे. शेवटी जुनेच पाटे ठेवले आणि त्यातला एक पाटा काढला. शंभर किलो ठेवल्यावर गाडी जमिनीला समांतर उभी राहते. रिकामी असताना थोडी ताठच चालेल, ते मान्य.

धूर जाणारी नळी हौद्याच्या तळापासून चार बोटांवर होती. मध्ये पत्र्याची ढाल ठोकली, हवा खेळायला दोन्हीकडे फट ठेवून. टाकीच्या झाकणाची हवा येण्या-जाण्याची वाट मोकळी आहे ना तेही पाहिलं.

२१ जून

पीचट्री सिटीच्या कचेरीत गाडी नोंदवली, नंबरचा स्टिकर आला, मग तळ्याकाठच्या वाटेवर पहिली फेरी. सपाटीवर मोबाइलने १४ मैल दाखवले, म्हणजे ताशी बावीस किलोमीटर. वेगाला लगाम घालणारा गव्हर्नर ॲक्सलमध्येच आहे. चाकं ठरावीक गतीपुढे गेली की तो केबलने थ्रॉटल मागे ओढतो. ही केबल सोडून दिली तर वेग वाढतो म्हणून काही जण सोडतात. आम्ही मूळ जागी लावली आणि हात लावला नाही. या इंजिनाला आणि या ब्रेकना तेवढंच झेपतं.

रस्त्याखालच्या बोगद्यातून जाताना आवाज घुमला. समोरून बाळाची ढकलगाडी घेऊन एक बाई येत होत्या. मी पेडल सोडलं, इंजिन थांबलं, त्या शांतपणे गेल्या. विजेवरची गाडी इथे खरंच जास्त शोभते. आजच्यानंतर ही जमिनीवरच राहील.

६ जुलै, आषाढी एकादशी

जमिनीवर दुसरा दिवस. तांबडी माती, पावसाने लोण्यासारखी झालेली. ओढ्यापासून वरच्या शेडपर्यंतचा चढ मोठा आहे. कालच्या अकरा फेऱ्यांत पाण्याचे कॅन आणि ओकची फोडलेली लाकडं. चढाला पट्टा पुलीत आपोआप खाली सरकतो, इंजिन वरच्या आवाजात राहतं आणि गाडी दमदार वर जाते. आण्णांना गिरणीचा पट्टा आठवला. त्यांनी दर फेरीनंतर पट्ट्याला हात लावून तो किती तापला ते पाहिलं.

उतार जपून. पेडल सोडल्यावर काही वेळ पट्टा इंजिनाला फिरवत राहतो आणि गाडी ओढून धरतो. वेग एका मर्यादेखाली गेला की पुढची पुली पट्टा सोडते आणि गाडी एकदम मोकळी होते. ओझं असताना तो धक्का कळतो. पाय आधीच ब्रेकवर हवा. पोराला हे तीनदा करून दाखवलं, मगच चालवायला दिली.

साबुदाण्याची खिचडी हौद्यात बसून खाल्ली.

२ ऑगस्ट

आण्णांचं विमान पुढच्या शनिवारी. त्याआधी पहिल्या वीस तासांची तपासणी. ऑइल काळं, पण त्यात धातूचे कण नाहीत. एक टॅपेट किंचित सैल झाला होता. या वेळी आण्णांनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) माझ्या हातात दिलं, स्वतः बाजूला स्टुलावर बसले. दोनदा चुकीचं लावलं, दोनदा सोडायला लावलं. गेज ओढताना लोण्यातून सुरी निघावी तसं लागलं पाहिजे, सैल नाही आणि अडकलेलंही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः गेज ओढून पाहिलं आणि झाकण लाव म्हणाले.

टाकी आता इथेनॉल नसलेल्या पेट्रोलनेच भरायची. कार्ब्युरेटरखाली रात्रभर कागद ठेवला होता, त्यावर दोन थेंब दिसले. फ्लोटची सुई बसत नसावी. सुई मागवली आहे, बुधवारी येईल.